‘लेडीज’ नावाचं बटण

थांबा, आधी हे ऐका. अंकाची मुदत संपलीय, संपादक काकांचे मिस्ड कॉल पडलेत, मला सगळं माहितीय. पण हे आत्ताच सांगायला हवं, उद्यापासून लग्नाच्या ऑर्डरी सुरू होतायत आणि मग माझं डोकं हळदीच्या गाण्यांतून बाहेर येणार नाही. भराभर टाइप करतेय. चुका काकांनी सुधाराव्यात.

विषय दिलाय ‘माझं काम’. आमच्या घरी माझं काम म्हणजे ‘सोनल कॉम्प्युटरवर असते’. आई शेजारच्या काकूंना सांगते, "गाण्यांचं कायतरी करते ती." तसं बरोबरच आहे. गाणारं दुसरंच कोणीतरी असतं. मी त्यांचा आवाज साफ करते.

म्हणजे काय? तर गाणारा माणूस एकच ओळ पुन्हा पुन्हा गातो. एकदा सुरुवात छान येते, एकदा शेवट. मी त्यातलं चांगलं चांगलं निवडून जोडते. पंख्याची घरघर, बांगड्या, मध्येच वाजलेला फोन, गिळलेलं पाणी, हे सगळं काढून टाकते. श्वासही थोडे काढते. सगळे नाही काढायचे, नाहीतर मेलेलं माणूस गातंय असं वाटतं. मग तो आवाज म्युझिकवर बसवायचा, त्याला मिक्स म्हणतात. खोली एकच आणि पाहुणे जास्त, अशा वेळी कोणी कुठे बसायचं ते ठरवावं लागतं ना, तसंच. ढोल इकडे, बेस तिकडे, आवाज मधोमध.

स्टुडिओ कामतघरला, माझ्या चुलतभावाचा, भावेशदादाचा. एक खोली आहे, खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. लूम चालू असताना आमच्या भिंतीला हात लावला तर हात थरथरतो. म्हणून रेकॉर्डिंग शुक्रवारी, लूम बंद असतात तेव्हा. बाकीचे दिवस हेडफोन घालून मिक्स करायचं. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "या आवाजात तुम्ही आवाजाचं काम करता?" हो. करतो.

आमचा मुख्य धंदा हळदीच्या गाण्यांचा. आगरी लग्नात हळदीला डीजे लागतो, आणि डीजेला नवरदेवाच्या नावाचं गाणं लागतं. त्यात मामाचं नाव हवं, गावाचं हवं, कशेळीच्या एका पार्टीला तर बैलाचंही हवं होतं. बैलाचं नाव नवरीच्या नावाआधी आलं म्हणून तिथे भांडण झालं. ते असो.

आता बटण. कॉम्प्युटरवर आवाजाच्या सेटिंग बनवून ठेवता येतात, त्याला प्रीसेट म्हणतात. दादाचे दोन होते. एकाचं नाव ‘जेंट्स’, दुसऱ्याचं ‘लेडीज’. ‘लेडीज’ दाबलं की बाईच्या आवाजातला खालचा भाग, म्हणजे जाडपणा, कापला जायचा, वरचा भाग चकचकीत व्हायचा आणि आवाज कोवळा व्हायचा. कारण साधं होतं. हळदीच्या डीजेचा बेस एवढा असतो की पत्रे नाचतात. त्यात बाईचा आवाज बुडतो. पातळ आणि टोकदार केला की सुईसारखा वर निघतो. दादाला हे त्याच्या उस्तादाने शिकवलं, दादाने मला शिकवलं. बाई गायली की ‘लेडीज’, पुरुष गायला की ‘जेंट्स’. मी इतकी वर्षं विचार न करता दाबत आलेय, लाइटचं बटण दाबतात तसं.

आणि आता तमारा.

हे तिचं खरं नाव नाही, स्टेजवरचं नावही सांगत नाही. ती इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची रॅपर. रॅप म्हणजे तालावर बोलणं, भांडल्यासारखं, पण यमक जुळवून. इंटरनेटवर काम देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या साइट असतात, तिथे तिची जाहिरात होती: आवाज साफ करणारी हवी, बाईच हवी. मी लगेच अर्ज टाकला. दादा म्हणाला, "तुला तिचं इंग्लिश समजेल का?" मी म्हटलं, समजेल. पहिले काही दिवस अर्धंच समजलं. नुसतं येस येस करायचे.

ती दिवसा एका वृद्धाश्रमात ड्युटी करते. एक मुलगी आहे, शाळेत जाते. रेकॉर्डिंग करते कपड्यांच्या कपाटात. खरंच! कोट लटकलेले असतात, त्यात माइक घेऊन बसते, कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. मी विचारलं, तुमच्याकडे तर एवढे स्टुडिओ, कपाटात कशाला?

तिने सांगितलं, चिडून नाही, रेशनच्या दुकानातली गर्दी सांगावी तसं. स्टुडिओत गेलं की इंजिनिअरचे मित्र सोफ्यावर बसलेले. ते उठत नाहीत. ती एक कडवं म्हणते, बाहेर येते, की सोफ्यावरून प्रश्न येतो, "हे लिहून कोण देतं तुला?" दुसरा म्हणतो, रॅप राहू दे, तू मधला गाण्याचा भाग गा ना, गोड. एकजण जेवायला चल म्हणाला, ती नाही गेली, तर त्या आठवड्यातलं तिचं सगळं रेकॉर्डिंग ‘उडालं’. वेळ नेहमी रात्री उशिराची. "सकाळी ठेवा म्हटलं, मुलगी शाळेत असते," ती म्हणाली, "तर हसले. म्हणे रॅप काय सकाळी होतं का? आता ड्युटी नसेल त्या दिवशी मी कपाटात सकाळीच करते. होतं."

मी तिला फाइल पाठव म्हटलं.

गाणं आलं. आवाज ऐकून मी हेडफोन काढून पुन्हा घातला. इतका जाड, खालचा आवाज की वाटलं माइकच्या अगदी जवळ बसून कोणीतरी दार सरकवतंय. दोन कडवी होती. पहिलं तिच्या गल्लीचं. दुसरं तिच्या आईचं. आई हॉस्पिटलात फरशा पुसायची, आणि पुसलेल्या फरशीवरून डॉक्टर चालत जायचे तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी राहायची. एवढंच आहे त्यात. पण ती ते अशा आवाजात बोलते की ती भिंत दिसते.

हे गाणं तिचा मॅनेजर ग्रेग एका मोठ्या रेडिओ कार्यक्रमाकडे पाठवणार होता. तिथे वाजलं की पुढचे दरवाजे उघडतात म्हणे. तिचं सगळं या एका गाण्यावर होतं.

मी मन लावून काम केलं. श्वास मोजून मापून ठेवले. कोटाच्या चेनचा आवाज काढला. आणि शेवटी, हात सवयीने गेला, ‘लेडीज’ दाबलं. पाठवून दिलं.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल. तिकडे दुपार होती. ती वृद्धाश्रमाच्या युनिफॉर्ममध्येच.

"सोनल, ही कोण?"

"कोण ही?"

"ही, जी माझ्या गाण्यात बोलतेय."

"तूच की."

"मी नाही. ही शाळेच्या नाटकात परी झालेली मुलगी आहे." हसत नव्हती. "तुला ग्रेगने सांगितलं ना?"

"काय सांगितलं?"

"आवाज हलका कर म्हणून. तो सगळ्यांना सांगतो. खरं सांग, तो तुझ्याशी बोलला?"

"नाही गं! आम्ही असंच करतो."

"आम्ही म्हणजे?"

"म्हणजे इथे. बाईचा आवाज असला की."

मला वाटलं आता फोन ठेवेल, काम गेलं. मग ती हसायला लागली, आणि थांबेचना, डोळे पुसायला लागली. म्हणाली, "मी त्या पोरांपासून पळून बाई शोधली. जिथे त्यांच्यातला एकही पोचणार नाही इतक्या लांबची शोधली. आणि तू ते न सांगताच करतेस!"

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, सॉरी नको, परत कर.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं पण बुडेल ना आवाज! बेस ऐकलास तिचा? आणि बाईचा आवाज एवढा जाड ठेवलास तर लोक म्हणतील सर्दी झालीय."

"जनीआत्याला सर्दी होती का?" मी विचारलं.

जनीआत्या म्हणजे आमच्या टेमघरची धवलारीण. आगरी लग्नात विधींची गाणी म्हणायचा मान जिचा असतो ती. हिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही, आणि वराकडच्यांना टोमणे मारण्यात तर हिचा हात कोणी धरणार नाही. तिचीही गाणी आम्ही रेकॉर्ड केली होती. ऐकवली तेव्हा तिने स्पीकरच्या मागे वाकून पाहिलं होतं.

"आगो, ही कोन पोर गाते?"

दादा म्हणाला, "आत्ये, तूच हाय ती."

"मी? माजा आवाज ता बांधावरशी हाक मारली त खाडीपल्याड जातंय. हिला घरातली मानसा तरी वलखतील का?"

आम्ही पोट धरून हसलो होतो. गाणी तशीच पेन ड्राइव्हवर गावोगाव गेली. आता आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालंय, ती गात नाही. आणि मूळ रेकॉर्डिंग, साफ न केलेलं, दादाने जागा अडते म्हणून काढून टाकलं. टेमघरच्या लग्नात अजून ती पातळ पोरगीच वाजते. तिला आत्या म्हणून ओळखणारी माणसं कमी होत चाललीयत.

तर काम सुरू केलं. दादाचं म्हणणं खोटं नव्हतं, आवाज बुडत होताच. बीटमध्ये, म्हणजे मागच्या म्युझिकमध्ये, खाली जो बेस होता तो तिच्या आवाजाच्याच जागेवर बसला होता. एका पाटावर दोघे. कोणीतरी सरकायला हवं. मी तिचा आवाज थोडा कापला, तरी बुडाला. अजून कापला, परी परत आली.

मग सहज म्हणून ‘जेंट्स’ उघडून बघितलं, आत काय आहे ते. कधी बघितलंच नव्हतं! आणि मी तिथेच ओरडले, "दादा, इकडे ये!"

‘जेंट्स’मध्ये आवाजाला हातच लावलेला नव्हता. तिथे बेस कापला होता. पुरुषाने तोंड उघडलं की म्युझिक आपोआप खाली बसतं, तो थांबला की उठतं. म्हणजे पुरुष गायला की वाद्यं सरकतात, आणि बाई गायली की बाईला सरकवायचं. हे आमच्याच कॉम्प्युटरमध्ये, आम्हीच लिहून ठेवलेलं.

दादाने डोकं खाजवलं. "उस्तादने असंच दिलं होतं," म्हणाला. मग खुर्ची जवळ ओढून, "लाव बघू तिला ते."

लावलं. बेस वाकला आणि तिचा आवाज जसाच्या तसा समोर येऊन बसला.

पण आमच्याकडे कुठलंही गाणं रिक्षा टेस्टशिवाय पास होत नाही. खाली सलीमभाईंची रिक्षा असते, सीटमागे हे एवढे मोठे स्पीकर. लूम चालू, हॉर्न चालू, त्यात जे गाणं ऐकू येतं ते कुठेही ऐकू येतं. आम्ही मागे बसलो, गाणं लावलं. सलीमभाई आरशातून बघायला लागले.

"ये लेडीज है?"

"हां सलीमभाई."

"अच्छा." नाक्यापर्यंत ऐकलं. "समझ में तो कुछ नहीं आया. मगर किसी को सुना रही है. और सामनेवाला चुप है."

पास.

तमाराला पाठवलं. तिने ऐकलं आणि फक्त एक मेसेज केला: ‘हॅलो, मी.’

खरं तर इथे लेख संपवता आला असता. पण दुसऱ्याच दिवशी ग्रेगचा मेल आला, थेट मला. सोबत एक फाइल. एका नावाजलेल्या पुरुष रॅपरचं कडवं. ‘तमाराच्या दुसऱ्या कडव्याच्या जागी हे घाल. त्याचा आवाज जाड आहे, म्हणून तिचा हलका कर, फरक कळायला हवा. तिच्याशी बोलणं झालंय.’

दादा म्हणाला, "बोलणं झालंय म्हणतो ना? मग कर. फॉरेनचं गिऱ्हाईक आहे, आपण मध्ये पडू नये."

"बोलणं झालं असतं तर तिनेच सांगितलं असतं."

"सोनल, डोकं नको लावूस."

मी तिला फोन लावला. ती बसस्टॉपवर होती. मी मेल वाचून दाखवला. तिला काहीच माहीत नव्हतं. ती शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "दुसरं म्हणजे आईचं कडवं?"

"हो."

"त्याच्या कडव्यात काय आहे?"

"गाडी आहे. नवीन गाडी."

बस आल्याचा आवाज झाला. ती चढली नाही बहुतेक.

"त्याचं नाव असेल तर रेडिओवर नक्की वाजेल," ती म्हणाली. "माझं एकटीचं असेल तर ग्रेग पाठवणारच नाही. एका कार्यक्रमात मुलगी एकच घेतात, त्यांची ठरलेली जागा असते. ती जागा गेली की पुढचं कधी, माहीत नाही. माझ्यापेक्षा लहान मुली रोज येतायत." मग म्हणाली, "तू काय केलं असतंस?"

मला काहीतरी जोरदार बोलायचं होतं. मी एवढंच म्हटलं, "मला नाही माहीत. पण तू सांगेपर्यंत मी काही कापणार नाही."

"मुलीला शाळेतून आणायचंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी हळदीचं एक गाणं करायला घेतलं आणि तीनदा चुकले. दादाही सारखा फोनकडे बघत होता. मेसेज आला तो रात्री जेवायच्या वेळेला: ‘दोन्ही कडवी. माझा आवाज. ग्रेगला मी सांगते.’

ग्रेगने तिला सोडलं. मोठ्या कार्यक्रमात त्या आठवड्यात दुसरी एक मुलगी वाजली, ग्रेगचीच नवीन. तमाराने मला लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, ‘वैताग हा आहे की ती चांगली आहे.’ मी ऐकलं. चांगलीच होती. आवाज सुईसारखा.

तमाराचं गाणं तिने स्वतःच टाकलं. मोठं काही झालं नाही, उगाच खोटं कशाला सांगू. खाली कमेंट आल्या, बाई आहे की बाप्या, लिहून कोणी दिलं, वगैरे. पण बर्मिंगहॅममध्ये वस्तीतल्या लोकांनी चालवलेलं एक छोटं रेडिओ स्टेशन आहे, त्यांनी ते एका दुपारी लावलं. आम्ही इथे संध्याकाळी ऐकलं, मी, दादा आणि वर चहा प्यायला आलेले सलीमभाई. निवेदिकेने तिचं नाव सांगितलं, गाण्याचं नाव सांगितलं, आणि गाणं लावलं. ‘मुलगी असून’ वगैरे काही नाही. पूर्ण वाजलं. आईच्या कडव्याला खालचे लूम चालू होते तरी ऐकू आलं.

त्यानंतर तमारा म्हणाली की वृद्धाश्रमातल्या एका म्हातारीने तिला विचारलं, तूच का ती, आवाजावरून ओळखलं. हे सांगताना ती इतकं भरभर बोलली की पुन्हा मला अर्धंच समजलं.

मग आज दुपारी, म्हणजे मी हे लिहायला बसायच्या थोडं आधी, एक अनोळखी मेल आला. ग्रेगच्या त्या नवीन मुलीचा. तिने तमाराला मेसेज करून विचारलं होतं, तुझा आवाज कोण करतं? तमाराने माझा पत्ता दिला. मला तर वाटत होतं या दोघी एकमेकींचं तोंड बघत नसतील! मी तमाराला फोन करून विचारलं, अगं, तिला दिलास? तिच्यामुळे तर तुझी जागा गेली. ती म्हणाली, "जागा एकच ठेवली ती काय तिने?"

मेलमध्ये मुलीने लिहिलं होतं, ‘माझी मूळ फाइल पाठवतेय. कोणी हात लावायच्या आधीची. मी स्वतः ती बरेच दिवस ऐकलेली नाही.’

मी हेडफोन घातला आणि उघडली. दादाला हाक मारायचंही सुचलं नाही.

जाड आहे. तमारापेक्षाही जाड. थोडा घोगरा, शब्दाच्या शेवटी खाली उतरणारा. सुई कुठेच नाही.

आता चहा गार झालाय, काकांचा परत फोन येतोय, आणि ती फाइल समोर उघडी आहे. ती सुरू करायच्या आधी तुम्हाला विचारायचंय, खास करून बायांना, पण पुरुषांनीही सांगा. वर्गात, ऑफिसात, सासरी, स्टेजवर, फोनवर, कुठेही. तुमचा आवाज कधी कोणी पातळ केलाय का? आणि तो मूळचा कसा होता, ते तुम्हाला आठवतं?